मनिराम मिस्त्रीचा काटकोन

केशोरावची आणि आपली पहिली भेट झाली त्या क्षणी गोंदिया स्टेशनावरचं घड्याळ बंद पडलं, असं मनिराम मिस्त्री पुढे कायम सांगत असे. घड्याळ त्याआधी दोन वर्षांपासून बंद होतं, एवढं मात्र तो गाळत असे.

घडलं ते असं. एकोणीसशे चोपन्न सालच्या वसंतपंचमीचा दुसरा दिवस. अर्जुनीहून आलेल्या छोट्या गाडीतून मनिराम उतरला. त्याच्या एका खांद्यावर पंचा होता आणि दुसऱ्या खांद्यावर शाफ्टचा चार फुटी मोडका तुकडा. शाफ्ट म्हणजे भात कांडायच्या गिरणीत छताखालून आडवा जाणारा, सगळी चाकं फिरवणारा लोखंडी दांडा. तुकड्याचं वजन सव्वा मण. मनिरामचं स्वतःचं त्याहून थोडंच जास्त असेल. फलाटावर पाय ठेवताच शाफ्ट खांद्यावरून सुटला आणि घरंगळत निघाला. वाटेत त्याने एका म्हातारीची शेंगदाण्याची टोपली उलटवली. बारा वर्षं मौन पाळणारा एक साधू खांबाला टेकून बसला होता, त्याच्या अंगठ्यावरून तो गेला. साधूने मौन सोडून जो शब्द उच्चारला तो कुठल्याही पोथीत सापडणार नाही. कलकत्त्याच्या मेलच्या गार्डाने दचकून हातातली हिरवी झेंडी हलवली आणि ती मेल तिच्या आयुष्यात पहिल्यांदा वेळेआधी सुटली. एवढा पराक्रम करून शाफ्ट एका लांबलचक, बारीक, शाईच्या डागांनी भरलेल्या माणसाच्या डाव्या पायावर जाऊन थांबला.

मनिराम धावत आला. "लागलं का जी?"

त्या माणसाने पाय काढूनही घेतला नाही. तो तिथेच फलाटावर बसला, खिशातून भिंग काढलं आणि शाफ्टचं मोडलेलं तोंड न्याहाळू लागला.

"केव्हा मोडला हा?"

"काल. पंचमीले."

"काल नाही मोडला."

"अजी, म्या डोळ्यानं पाह्यलं ना. पट्टा उडाला, मालक पळाले, मी बी पळालो."

"काल तो फक्त पडला, भाई. मरत होता केव्हाचा. हे लोखंड थकलेलं आहे."

मनिरामने थकलेले बैल पाहिले होते. काहीही न करता थकलेला मालक तो रोज पाहत होता. थकलेलं लोखंड त्याने पहिल्यांदाच ऐकलं. "थकते तं मंग बसून बिडी काऊन नाही मांगत?" तो म्हणाला.

पण बोलून झाल्यावर त्याच्या मनात भलतंच आलं. थकवा असेल तर थकव्याला औषधही असेल. आणि औषध मिळवण्याची मनिरामला फार निकड होती.

ती निकड अशी. अर्जुनीला भोजराज मालगुजारांची भाताची गिरणी होती. एक्कावन्न साली सरकारने मालगुजारी, म्हणजे गावांची जमीनदारी, काढून घेतली तेव्हा भोजराजांकडे उरले मोबदल्याचे कागद, पिळदार मिशा आणि तीस तलावांचा अनुभव. तलावांचा अनुभव वाया जाऊ नये म्हणून त्यांनी गिरणी टाकली. मनिराम तेव्हा गोंदियात फिटर होता; त्याला त्यांनी मिस्त्री म्हणून आणलं, गिरणीच्या मागे दोन खोल्या दिल्या. मनिराम आणि त्याची बायको नंदाबाई तिथे राहू लागले. नंदाबाई ओसरीत बसून बिड्या वळायची आणि तिथूनच गिरणीचा आवाज ऐकून इंजिनाला तेल कमी झालंय की मालकाला जास्त झालंय हे बरोबर सांगायची.

गिरणीचं सामान कलकत्त्याहून आलं तेव्हा त्यात अडीच इंची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा असा सरळ शाफ्ट होता. मालकांनी तो पाहिला आणि त्यांना तो आवडला नाही.

"हा तं उसासारखा दिसते गा मनिराम."

"कंपनीनं पाठवला जी."

"कंपनीनं कधी पाळ बांधली का?"

झाडीपट्टीत तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, फुटली की एकच उपाय: माती टाका, पाळ जाड करा. पुन्हा फुटली, आणखी जाड करा. भोजराजांच्या आजोबांनी हेच केलं, वडिलांनी हेच केलं, आणि तलाव अजून भरत होते. तेव्हा कलकत्त्याचा शाफ्ट न फिरवताच कोपऱ्यात ठेवला गेला आणि गोंदियाच्या मंगरू खरादवाल्याकडून, म्हणजे लेथवर लोखंड कातणाऱ्याकडून, तीन इंची नवा बनवून आणला. मात्र शाफ्ट ज्या पितळी बेअरिंगमध्ये फिरायचा ती अडीच इंचीच होती. म्हणून मंगरूने शाफ्टची टोकं कातून अडीच इंची केली. मधे जाड, टोकाला बारीक, आणि जिथे जाडाचं बारीक होतं तिथे एक पायरी.

ही पायरी म्हणजे मनिरामच्या आयुष्याचं वैभव. मंगरू लेथवर ती ढोबळ काढून द्यायचा आणि मनिराम कानस घेऊन तिचा कोपरा साफ करायचा. दोन दोन दिवस. काटकोन तपासायचा गुण्या लावून बघायचा, फुंकर मारायचा, पुन्हा घासायचा. कोपरा असा तीक्ष्ण निघायचा की त्यात केस ठेवला तर केसालाही कोपऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटावं. त्याच्या उस्तादाने त्याला सांगितलं होतं, कोपऱ्यात गोलाई राहिली तर समजावं मिस्त्रीला घरी जायची घाई होती. मनिरामला घरी जायची घाई कधीच नसे. हे नंदाबाईचंही म्हणणं होतं. देवरीपासून तिरोड्यापर्यंत फिटर लोक 'मनिरामचा काटकोन' असा शब्द वापरायचे. त्याला दुसरी कुठलीही इस्टेट नव्हती.

तो तीन इंची शाफ्ट होळीला मोडला. पुढच्या सालचा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जाड केला, आणि जाड झालाच आहे तर म्हणून मालकांनी भात कांडायचं आणखी एक यंत्र, हलर, त्याला जुंपलं. तो महाशिवरात्रीला मोडला. त्यापुढचा आणखी एक सूत जाड, आणखी एक हलर, तो वसंतपंचमीला. मोडण्याचा मुहूर्त दर साली एक सण अलीकडे सरकत होता. पंचमीच्या संध्याकाळी मालक खाटेवर बसून म्हणाले,

"मनिराम, पाळ फुटली का आमी पहिल्यांदा माती टाकतो. दुसऱ्यांदा माती टाकतो. तिसऱ्यांदा पाळकऱ्याले बदलतो."

"जी."

"येत्या सालचा मोडला तं तू जाजो."

आवाजात राग नव्हता. राग असता तर उतरला असता.

म्हणून मनिरामला लोखंडाच्या थकव्याचं औषध हवं होतं, आणि म्हणून दर रविवारी तो छोट्या गाडीने गोंदियाला केशोरावच्या खोलीवर जाऊ लागला.

केशोराव रेल्वेच्या एका कचेरीत ट्रेसर होता. दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर पातळ कापड अंथरून शाईने रेघ न् रेघ उतरवून काढायची, हे त्याचं काम. वीस वर्षं त्याने इंजिनं, पूल, चाकं, दांडे उतरवले होते. त्यातली एकही रेघ तिथे का आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. ड्राफ्ट्समन व्हायचं तर परीक्षा द्यावी लागे, आणि त्या परीक्षेत 'स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स' नावाचा एक पेपर होता. पदार्थाची ताकद. या पेपरात केशोराव तीनदा नापास झाला होता. तिसऱ्यांदा तर पेपर तपासणाऱ्याने समासात 'अक्षर सुंदर' असं लिहिलं होतं, ते त्याने जपून ठेवलं होतं.

त्या पेपराचं पुस्तक त्याच्याकडे खरंच होतं. इंग्रजी, जाडजूड, लाल बांधणीचं. फक्त एकशे बाराव्या पानानंतर ते उधईने, म्हणजे वाळवीने, खाल्लं होतं.

"पुढे काय होतं जी?" मनिरामने विचारलं.

"शाफ्ट," केशोराव म्हणाला.

"आन् थकवा?"

"तोही."

"उधईले दुसरं काही नाही भेटलं?"

"शेजारी गीता होती. तिला हात नाही लावला."

अशा रीतीने एक नापास मास्तर, एक चौथी पास चेला आणि अर्धं पुस्तक यांची शाळा सुरू झाली. केशोराव इंग्रजीत वाचायचा, हिंदीत समजावायचा, मराठीत वैतागायचा. आणि मनिराम ते सगळं झाडीबोलीत कळून घ्यायचा. पाच वाक्यं निघाली तर दोन पोचायची. पण जी पोचली ती पक्की बसली, कारण मनिराम प्रत्येक गोष्टीला गावातला साक्षीदार शोधायचा.

ओढलं की लांबतं, दाबलं की आखडतं, हे पहिले दोन रविवार. "हे तं सासरा न् जावई," मनिराम म्हणाला. तिसऱ्या रविवारी वाक. केशोरावने फळ्यावर आडवी रेघ काढली, मधोमध ओझं टांगलं आणि म्हणाला की दांडा वाकतो तेव्हा त्याची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. मनिरामने मधलं ओझं बोटाने पुसून दोन्ही टोकांना टांगलं. मग म्हणाला, "कावड. दोन घागरीची कावड खांद्यावर घेतली का बांबू खांद्याशी वाकते. वरतून ताणते, खालून दाबते. कच्चा, कमचट असला तं वरच्या बाजूनंच चिरते."

केशोरावने ते वहीत उतरवून घेतलं. तीन परीक्षांत हे वाक्य त्याला सुचलं नव्हतं.

मग आला सुरक्षेचा हिशेब. दांडा दहा मण पेलत असेल तर त्यावर दोनच मण टाकायचे, बाकीची ताकद राखीव. मनिरामला हे इतकं आवडलं की सोमवारी त्याने मालकांना सांगितलं, "पाच हलर नोको जी, तीनच ठेवू. गाडीत दहा मानसं बसू शकत असन तरी तीनच बसवा, असं पुस्तकात आहे."

"मंग बाकीचे सात कायले पायी जातीन?" मालक म्हणाले. पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. असलं तर एकशे बाराव्या पानापुढे असेल.

आंबे आले, गेले. भाताची रोवणी झाली. मनिरामला आता कावड कळत होती, कुलपाचा कडा कळत होता, खिळा कापला कसा जातो ते कळत होतं. शाफ्ट कळत नव्हता. एवढा जाड केला, तर उलट लवकर का मोडतो? एका रविवारी केशोरावने फिरत्या दांड्याची गोष्ट काढली. कावड एका जागी राहते, तिची वरची बाजू वरच राहते. शाफ्ट फिरतो. पट्टा त्याला खाली ओढतो आणि तो फिरत असतो. म्हणजे जी बाजू आत्ता ताणली गेली तीच अर्ध्या फेऱ्यात दाबली जाते, पुन्हा ताणली जाते.

"तार," मनिराम म्हणाला. "तार तोडाची असली का आमी इकडून तिकडं वाकवतो. दहा खेपेत तुटते."

"किती फेरे घेतो तुझा शाफ्ट?"

"मिनिटाले एकशे ऐंशी."

केशोरावने मांडलं. दिवसाचे दहा तास. उत्तर आलं एक लाख आठ हजार. दोघेही त्या आकड्याकडे भाविकपणे बघत राहिले.

"एवढा जप केला असता," मनिराम शेवटी म्हणाला, "तं आतापर्यंत देव भेटला असता."

थकवा कळला. औषध कळलं नाही. केशोरावला ते आठवत नव्हतं आणि उधईला विचारण्याची सोय नव्हती.

ते सांगितलं नंदाबाईने. भादव्यातली दुपार, पाऊस उघडलेला. ती ओसरीत तेंदूची ओली पानं पत्र्याच्या मापावर धरून कात्रीने कापत होती. मनिराम समोर बसून शाफ्टच्या तीन मोडक्या तुकड्यांकडे शोकसभेला आल्यासारखा बघत होता.

"अवो, थे पान असं नोका धरू," नंदाबाई म्हणाली. तो विरंगुळा म्हणून एक पान हातात पिळत होता. "फाटन."

"एवढ्यानं नाही फाटत."

"धड असन तं नाही फाटत. कात्रीचा कोपरा लागला आहे त्याले. थ्या कोपऱ्यातूनच जाते थे. म्हनून म्या वळन देऊन कापतो. कोना ठेवला का पान गेलं."

पान त्याच्या हातात फाटलं. अगदी कोपऱ्यातून, सरळ.

मनिरामने तुकडा नंबर एक ओढून घेतला. मोडलेल्या तोंडावर त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं. मोडलेलं काय पाहायचं. आता दिसलं. एका बाजूने गुळगुळीत भाग, त्यावर एकाआत एक वळणदार रेघा, थेट उन्हाळ्यात बोडीचं, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याचं, पाणी उतरत जातं तेव्हा काठावर उरतात तशा. आणि शेवटी एक खरबरीत तुकडा, जो होळीला धाडकन मोडला असेल. रेघा जिथून सुरू होत होत्या ती जागा त्याने बोटाने शोधली. पायरीचा कोपरा. दुसरा तुकडा घेतला. कोपरा. तिसरा. कोपरा.

नंदाबाईने वर पाहिलं. "काय झालं जी?"

"काही नाही," मनिराम म्हणाला. "तीनही म्याच मोडले."

त्याने गुण्या खुंटीवरून काढला, पंच्यात गुंडाळला आणि पेटीच्या तळाशी ठेवला. त्या दिवशी तो जेवला नाही. नंदाबाईने दोनदा सांगून पाहिलं की बाई माणसाचं बोलणं एवढं मनाला लावून घेऊ नये.

पुढच्या रविवारी केशोरावने पानाची गोष्ट ऐकली आणि तो उठून उभा राहिला. मग बसला. मग कोपऱ्यातल्या पेटीतून जुने उतरवलेले नकाशे काढू लागला. डब्याचा आस, इंजिनाचा आस, चाकाचा दांडा. प्रत्येकाला पायरी होती आणि प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात एक छोटासा कंस होता. तीक्ष्ण कोपरा एकाही ठिकाणी नव्हता.

"वीस वर्षं मी हा कंस काढतोय," केशोराव म्हणाला. "हजारो काढले असतील. मला वाटायचं, शोभेसाठी आहे."

दोघे हसले नाहीत. एवढी मोठी गोष्ट हातात आली की माणूस थोडा घाबरतो.

त्या रात्रीची गाडी मनिरामने सोडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केशोरावने आयुष्यातला पहिला स्वतःचा नकाशा काढला. कुणाचाही उतरवलेला नाही. तीन इंच तीन सुताचा शाफ्ट, टोकं अडीच इंची, पायरीच्या कोपऱ्यात पाव इंचाची गोलाई. गोलाई त्याने लाल शाईने काढली आणि खाली कोपऱ्यात सही केली. सहीचंही अक्षर सुंदरच आलं.

मनिराम नकाशा मंगरूला देऊन आला आणि मग घरी बसून बेअरिंगच्या पितळेचं तोंड हाताने गोल करत राहिला, म्हणजे नव्या शाफ्टची गोलाई त्यात नीट बसेल. आठ दिवस त्याने ते केलं. मालक येऊन बघून गेले.

"हे काय गा, कोपरे मारून राहिला?"

मनिरामने त्यांना मोडकं तोंड दाखवलं, रेघा दाखवल्या. मालक तलावांचे माणूस. त्यांनी रेघा क्षणात ओळखल्या.

"हे तं बोडीच्या काठासारखं आहे."

"होय जी. हळूहळू चिरत गेला. ह्या कोपऱ्यापासून."

"म्हंजे झिरपा लागला."

"तसंच म्हना."

"झिरपा लागला का पाळ जाड करतात," मालक समाधानाने म्हणाले. "तरी म्या म्हनतच होतो."

गिरणीचा मुहूर्त देवदिवाळीला होता. शाफ्ट आठ दिवस आधी यायचा होता. मंगरूकडे काम तुंबलं, मनिरामला मालकांनी इंजिन उघडायला लावलं, गोंदियाला जाणं राहून गेलं. अखेर देवदिवाळीच्या आदल्या दुपारी शाफ्ट बैलगाडीतून आला आणि गाडीत बसून स्वतः मंगरू आला. धोतर नवं, हातात जिलबीचा पुडा, काखेत केशोरावचा नकाशा. अर्जुनीला तो पहिल्यांदाच येत होता.

"मनिरामभाऊ, खुद आ गया मैं. म्हटलं, हे काम स्वतःच पोचवायचं."

मनिरामने शाफ्टवरचं फडकं काढलं.

कोपरा काटकोनात होता. तीक्ष्ण, चकचकीत, केससुद्धा उभा राहील असा. मनिरामने स्वतः काढलेल्या कुठल्याही कोपऱ्यापेक्षा तो चांगला होता.

"नकाशात गोल होतं, मंगरू," तो हळूच म्हणाला.

"तेच तर," मंगरू म्हणाला. "मी पाहिलं तर गोल. म्हटलं, मनिरामचा काटकोन, आणि गोल? नकाशावाल्याला काही समजत नाही. लोग क्या कहेंगे, मनिराम बुढ्ढा हो गया? तुझ्या नावाला बट्टा लागला असता. मग मी कानस घेऊन बसलो. तीन दिन. स्वतःच्या हाताने. जसा तू काढतोस तसा." त्याने मनिरामच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तेरे से अच्छा नहीं, मानतो मी. पण बरा आहे ना?"

मनिरामला पुष्कळ बोलायचं होतं. सात महिन्यांचे रविवार बोलायचे होते. पण मंगरूच्या उजव्या हाताची बोटं कानशीने सोलवटली होती, आणि तो जिलबीचा पुडा पुढे करत होता.

"मस्त आहे," मनिराम म्हणाला, आणि एक जिलबी घेतली.

मंगरू जेवायला बसल्यावर तो मालकांकडे गेला. कोपरा गोल करता येईल, त्याने सांगितलं. पायरी पाव इंच मागे सारायची, लेथवर पुन्हा चढवायचा. तीन दिवस लागतील.

"उद्या मुहूर्त आहे. गावची भाताची पोती येऊन पडली."

"मालक, हा असा लावला तं मोडन."

"काऊन मोडन? सूतभर जाड आहे."

"कोपऱ्यातून मोडन."

"तुह्या दोस्तानं एवढा सुंदर कोपरा काढला. तू त्याच्या कोपऱ्यावर जळून राहिला."

मनिराम दारापर्यंत गेला आणि परत फिरला. मग त्याने ते केलं जे शहाण्या माणसाने कधी करू नये. त्याने हिशेब सांगितला. "दर साली एक सन अलीकडं येऊन राहिला जी. होळी, शिवरात, पंचमी. हा संक्रातीले मोडन."

मालकांनी मिशी पिळायची थांबवली. "काय म्हनला?"

"संक्रातीले."

देवदिवाळीला नारळ फुटला. शाफ्ट फिरू लागला, सहाव्या हलरसह. गोल तोंडाच्या पितळेत काटकोनी शाफ्ट. दिवसाला एक लाख आठ हजार. मनिराम रोज सकाळी इंजिन चालू करायच्या आधी कोपऱ्याला तेलाचं बोट लावून बघायचा, चीर उठली का. मार्गशीर्षात काही दिसेना. पौषात एका सकाळी तेल केसाएवढ्या रेघेत शिरलं आणि तिथेच थांबलं. त्याने मालकांना बोलावून दाखवलं. मालकांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि रेघ दिसत नाही म्हणाले, आणि मग जाता जाता म्हणाले, "रोज तेथीच हात कायले लावत राह्यतो गा तू?"

नंदाबाई ओसरीतून आवाज ऐकत होती. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिने बिड्यांचं सूप बाजूला ठेवलं आणि भांडी बांधायला घेतली.

"आत्ताच कायले?" मनिराम म्हणाला.

"मंग तीळ वाटतानी बांधू?"

शाफ्ट संक्रांतीला मोडला नाही. संक्रांतीला गिरणी बंद होती. तो दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी साडेनऊ वाजता मोडला. पट्टा उडाला, मालक पळाले. मनिराम मात्र आपल्या जागी उभा राहिला, कारण कुठला तुकडा कुठे पडणार हे त्याला ठाऊक होतं.

धूळ खाली बसल्यावर मालक परत आले. मोडक्या तोंडावर बोडीच्या काठासारख्या रेघा होत्या. मालकांनी त्या पाहिल्याही. मग त्यांनी मनिरामकडे पाहिलं.

"तुले दोन महिने आधीच कसं माहीत होतं?"

"हिशेब केला जी."

"हिशेब केला का अजून काही केलं?"

"आता काय सांगू मालक."

"रोज तू थ्या कोपऱ्याले हात लावत होता. गावानं पाह्यलं." मालकांचा आवाज याही वेळी चढला नाही. "पाळ कधी फुटन हे फोडनाऱ्यालेच माहीत राह्यते, मनिराम."

यावर मनिरामजवळ उत्तर होतं. त्यासाठी कावड लागली असती, तार, तेंदूचं पान, वीस वर्षांचे नकाशे आणि सात महिने. मालक उन्हात उभे होते. मनिराम "जी" म्हणाला.

भांडी बांधलेलीच होती.

दुपारच्या छोट्या गाडीने दोघं निघाले. पेटीच्या तळाशी पंच्यात गुंडाळलेला गुण्या आणि त्यावर केशोरावचा नकाशा, लाल शाईचा कंस आतल्या बाजूला ठेवून घडी केलेला. केशोरावला त्याने पुढे एकदाच सांगितलं की शाफ्ट मोडला. नकाशाप्रमाणे बनवला नव्हता, हेही सांगितलं. केशोराव म्हणाला, मग नकाशा बरोबर होता की चूक हे काही सिद्ध झालं नाही. त्या साली तो चौथ्यांदा परीक्षेला बसला आणि त्याच पेपरात नापास झाला.

भोजराजांनी पुढच्या सालचा शाफ्ट साडेतीन इंची करून घेतला.

मनिरामने सौंदड स्टेशनाबाहेर सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि साठ सालापर्यंत पंक्चर काढले. ट्यूबवर लावायचं ठिगळ तो गोल कापायचा. तसं ते सगळेच गोल कापतात.